ऐन वेळी पाय घसरतो

बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, असं शाळेतली पोरं म्हणत. बाई स्वतः तर ते पोरांपेक्षा जास्त वेळा म्हणत! परीक्षेच्या वर्गात त्या नुसत्या शिरल्या, की बाह्यांतल्या चिठ्ठ्या आपोआप खाली पडत. पोरांनी त्यांचं नाव दुर्बीणबाई ठेवलं होतं, आणि हे नाव ठेवल्याचा शोधही बाईंनीच लावला होता.

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं त्या स्टाफरूममध्ये सांगत. बाकीचे माना डोलवत. न डोलवून करतात काय!

तर अशा या दुर्बीणबाईंच्या घरातच काहीतरी शिजत होतं.

नवरा रंगांच्या कंपनीत विक्रीच्या कामाला होता. माणूस गरीब, पण नादिष्ट. आधी बासरी झाली, मग माशांची टाकी झाली, मग गच्चीत मधमाश्या पाळून झाल्या. मधमाश्यांनी समोरच्या डेंटिस्टलाच तोंड उघडता येईना असं करून सोडलं, तेव्हा बाईंनी नवऱ्याकडून वचन घेतलं होतं की यापुढे एकही नाद करायचा नाही. नवऱ्याने ते पाळलंही होतं. आता मात्र तो ऑफिसातून आला, की "जरा काम आहे" म्हणून मागच्या खोलीत शिरे आणि आतून कडी लावी. बाहेर यायचा तो घामाघूम होऊन. रंग विकणाऱ्या माणसाला कागदपत्रं बघताना घाम कशाला फुटेल?

बाईंनी दुर्बीण लावली.

पहिल्यांदा त्यांची लांब दांड्याची छत्री नाहीशी झाली. मग मोजे नाहीसे होऊ लागले. मागच्या खोलीतला दिवा फुटला. "आपोआप फुटला," असं नवरा म्हणाला. आणि एक दिवस धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात पांढऱ्या मऊ कातड्याचा हातमोजा निघाला. एकच! डाव्या हाताचा!

बाई तो हातमोजा धरून स्टुलावर बसल्या. असे हातमोजे कोणी एकेक विकत नाही. म्हणजे उजव्या हाताचा दुसऱ्या कोणाकडे तरी असणार. दोघांनी एकेक आठवण म्हणून ठेवला असणार! वीस वर्षांच्या संसारात बाईंना या माणसाने साधा रुमालही आठवण म्हणून दिला नव्हता.

हातमोजा त्यांनी गुपचूप नवऱ्याच्या कपाटात ठेवला आणि त्या संध्याकाळी मागच्या खोलीच्या दाराला कान लावला. आत नवरा फोनवर बोलत होता.

"मॅडम, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पाय घसरतो माझा."

बाईंनी कान दाराला आणखी घट्ट दाबला.

"रोज घसरतो! कितीही ठरवलं तरी ऐन वेळी घसरतोच. आणि नजर? छे हो, नजर कुठली ठरतेय! खाली ठेवायची म्हणतो, पण वर जातेच... हो हो, वाकडंच जातं सगळं. सरळ म्हणून जात नाही... आता हळुवार धरतो ना, तुम्ही म्हणता तसं. अगदी चिमणी धरल्यासारखं!"

चिमणी!

"फक्त घरी कळायला नको, मॅडम. घरी कळलं तर संपलंच!"

बाई स्वयंपाकघरात आल्या आणि नळ सोडून रडल्या. आवाज जाऊ नये म्हणून नळ. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. हा माणूस वेंधळा आहे, नादिष्ट आहे, पण आपला आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. वर्गातल्या चाळीस पोरांवर नजर ठेवता ठेवता घरातला एकच माणूस हातचा गेला!

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये संगीताच्या बाईंनी विचारलं, "डोळे का सुजलेत?"

"काही नाही."

"अहो, सांगा तरी!"

"कोणाला बोलू नका हं. आमच्या ह्यांचा पाय घसरलाय."

"अगंबाई!" संगीताच्या बाई म्हणाल्या, आणि कोणाला बोलणार नाही असं गळ्याची शपथ घेऊन म्हणाल्या. त्यांचा धाकटा दीर दुर्बीणबाईंच्या नवऱ्याच्याच ऑफिसात होता, हे बाईंना त्या घाईत आठवलं नाही.

संध्याकाळी बाईंनी थोरल्या भावाला बोलावून घेतलं. दादाचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि अंगही त्याच मालाचं होतं.

"तू फक्त दार उघड," तो बाह्या सरसावत म्हणाला. "पुढचं मी बघतो!"

"मारू नकोस रे त्यांना."

"मारत नाही. विचारतो."

आतून आवाज येत होता. "हां मॅडम... आता कंबर आधी फिरवतो... बघा हं!"

"कंबर?" दादा म्हणाला आणि त्याने दाराला खांदा दिला. कडी उखडली!

खोलीच्या मधोमध नवरा उभा होता. दोन्ही काखांत आंघोळीचा टॉवेल खुपसलेला, ढुंगण मागच्या खुर्चीला टेकवलेलं, डाव्या हातात पांढरा हातमोजा आणि खांद्यावर उगारलेली बाईंची छत्री. दार धाडकन उघडलं तशी ती छत्री खाली आली, वाटेत फटकन उघडली, आणि जमिनीवरचा मोज्यांचा गोळा उडून थेट दादाच्या नाकावर बसला!

"कोण आहे ती?" दादा गरजला. गुडघे वाकवून, पाय फाकवून, मुठी आवळून तो तयारीत उभा राहिला.

"वा!" टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. पडद्यावर टोपी घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक आजी होत्या. "अहो, थांबा! मागे ते गृहस्थ आहेत ना, त्यांच्यासारखं उभं राहा बघू! गुडघे बघा त्यांचे! वजन कसं पायाच्या मध्यावर आहे! हे कुठे शिकले गोल्फ?"

"गोल्फ?" बाई म्हणाल्या.

नवरा मटकन खुर्चीत बसला. "अगं, नवीन साहेबांनी विचारलं, गोल्फ खेळता का. मी बोलून गेलो, म्हणजे काय, लहानपणापासून! उद्या त्यांच्याबरोबर खेळायचंय. तुला कसं सांगणार? वचन दिलंय ना. म्हणून या मॅडमकडून फोनवर शिकतोय. पण फटका मारताना मागचा पाय घसरतो, आणि चेंडू बघायचा सोडून नजर वर जाते, मग चेंडू वाकडा जातो..."

"आणि चिमणी?"

"दांडा असा धरायचा. चिमणी मरू नये इतपत."

"दुसरा हातमोजा?"

"एकच मिळतो. डाव्या हातात घालतात."

बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. दादा नाक चोळत फोनसमोर बसला आणि "गुडघे नक्की किती वाकवायचे?" असं आजींना विचारू लागला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात नवीन साहेब!

"ऑफिसात कुजबूज ऐकली," साहेब हळहळत नवऱ्याला म्हणाले. "तुमचा पाय घसरला म्हणे. म्हटलं, आपण स्वतःच जाऊन बघावं."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने हळूच एक गुडघा वाकवला आणि भिंतीचा आधार घेतला. "हो ना साहेब, काय सांगू..."

बाईंना मात्र वेगळंच वाटलं. आपण केलेली बदनामी थेट साहेबांपर्यंत गेली! त्या नवऱ्याच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साफ खोटं आहे, साहेब! माझ्या नवऱ्याचा पाय घसरलेला नाही! चूक माझीच झाली."

"अगं..." नवरा मागून कुजबुजला.

"तुम्ही गप्प बसा! लाजायचं काही कारण नाही. साहेब, मी खात्री देते, उद्या चारचौघांत ताठ उभे राहतील हे!"

"उद्या?" साहेब खूश झाले. "उत्तम! मी तर उद्याचा खेळ रद्द करायलाच आलो होतो. मग सकाळी भेटूच मैदानावर. हे तेवढं असू द्या, आणलंच आहे तर."

साहेब गेले. बाईंनी त्यांनी हातात दिलेली नळी डोळ्यांजवळ धरली. मुरगळलेल्या पायाला चोळायचं मलम होतं.

 टॉवेल काखेत खुपसून नवरा पुन्हा मागच्या खोलीत गेला.

सकाळी बाईंनी ठरवून टाकलं की आता संशय बंद. माणसावर विश्वास ठेवायचा, म्हणजे ठेवायचा! नवरा गेला त्या रस्त्याकडे त्या किती तरी वेळ मायेने बघत होत्या. इतक्यात फोन वाजला. मागून माणसांचा कालवा ऐकू येत होता, आणि नवरा कण्हत होता.

"अगं... पाय घसरला गं!"

"कोण आहे ती?" दुर्बीणबाई कडाडल्या.

पलीकडचा कालवा एकदम थांबला. नवऱ्याच्या हातांना चिखल लागला होता, म्हणून फोन साहेबांनी धरला होता. स्पीकरवर.