देवश्रीची गुणपेटी

देवश्रीचं सगळं व्यक्तिमत्त्व एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मावलं होतं, आणि ते खोकं बघून शाळेने तिला सुतार ठरवलं. अगदी या शब्दांत नव्हे. छापील अहवालात 'हस्तकला व रचना शाखा' असं भारदस्त नाव होतं. पण ते वाचून विजय, म्हणजे तिचा बाप, चपापला. कारण त्या खोक्यातली एकूण एक वस्तू त्याने स्वतः केली होती.

शाळेची पद्धत अशी, की पहिलीपासून मुलाने केलेलं हस्तकाम त्याच्या नावाच्या खोक्यात जपायचं. त्याला गुणपेटी म्हणायचं. दहावीत ती उघडायची आणि आत दडलेले गुण बघून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कुठली शाखा द्यायची ते ठरवायचं. कल्पना थोरच! फक्त पहिलीच्या दसऱ्याला देवश्रीने केलेला अंबारीचा हत्ती बटाट्याच्या पोत्यासारखा दिसत होता, आणि बाकीच्या पोरांचे हत्ती थेट राजवाड्यातून निघाल्यासारखे. सहा वर्षांच्या पोरांना हे कसं जमतं, ते विजयला इतर पालकांच्या बोटांवरचा सुकलेला डिंक बघून कळलं. त्याने पोतं घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी लाकडी हत्ती पाठवला. तेव्हापासून गडी थांबलाच नाही.

विजय मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी म्हैसूरला आला, बोगादीत फ्लॅट घेतला आणि कंपनीत मॅनेजर झाला. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की तो शेजारच्याला पुढे करायचा. रविवारी मात्र तो खालच्या मजल्यावरच्या रघुनाथरावांकडून रंधा आणि पटाशी मागून आणायचा, आणि मग त्याला जेवणाचीही शुद्ध नसायची. रघुनाथराव इथलेच जुने मराठे. त्यांची उभी हयात लष्कर मोहल्ल्यात बसच्या बॉड्या बांधण्यात गेली होती. मान हलवणाऱ्या दसऱ्याच्या बाहुल्या कशा करायच्या, ते त्यांनीच विजयला शिकवलं.

अहवाल कांचनने मोठ्याने वाचला. "हात अत्यंत स्थिर. एकांतात रमणारा स्वभाव. चारचौघांत बोलायला लावू नये. ऑफिसात बसवल्यास आयुष्यभर कुढत राहील." तिने चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "विजय, इतकं बरोबर तर तुझ्या आईनेही तुला कधी ओळखलं नव्हतं."

विजयला खरं म्हणजे गहिवरून आलं होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत कोणी त्याच्याबद्दल एवढं चांगलं लिहिलं नव्हतं. पण समोर देवश्री उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. तिला वकील व्हायचं होतं. त्यासाठी हवी होती कला शाखा. बोलण्यात तिला आजवर कोणी हरवलेलं नव्हतं. सोसायटीच्या लिफ्टचं भांडण तिने सातवीत असताना एकटीने मिटवलं होतं. पण बडबड काही खोक्यात ठेवता येत नाही.

त्यात आणखी एक मेख होती. शनिवारी समितीसमोर तासाभरात लाकडी खेळणं करून दाखवायचं होतं. जमलं, तर सुतारकी कायमची गळ्यात. नाही जमलं, तर पेटी खोटी ठरणार आणि कुठल्याच शाखेत जागा नाही. विजयने आधी नेहमीचा, म्हणजे चुकीचा, मार्ग धरला. तो तिला करवत धरायला शिकवू लागला. तीन दिवसांत तिने एक लाकूड, एक स्टूल आणि रघुनाथरावांच्या बाकाचा कोपरा कापला. यातलं कापायचं होतं ते फक्त लाकूड.

लंगडं स्टूल बघून रघुनाथराव म्हणाले, "अय्यो विजय, आता लपवायला काय राहिलं रे? सुम्ने, मुकाट्याने जाऊन खरं सांगून टाक."

शुक्रवारी बापलेक मार्गदर्शक श्रीनिधी सरांसमोर जाऊन बसले. टेबलावर ती पेटी होती. विजयने कबुलीजबाब पाठ करून आणला होता. पहिल्या वाक्याला तो अडखळला, दुसऱ्याला उभा राहिला, आणि तिसऱ्याला पुन्हा खाली बसला.

मग देवश्री उठली. ती अस्खलित कन्नडमध्ये बोलत होती आणि विजयला त्यातलं निम्मंच कळत होतं. पण स्वतःवरचा खटला माणसाला भाषेशिवायही समजतो. तिने हत्तीच्या पोटाखालचा कंपनीच्या डायरीचा चिकटलेला कागद दाखवला. बाहुल्या शाळेत जमा झाल्या त्या आठवड्यात आपण कांजिण्यांनी अंथरुणाला खिळलो होतो, हे हजेरीपटावरून सिद्ध केलं. शेवटी बापाचा हात वर करून अंगठ्यावरचे पटाशीचे तीन टाके पुराव्यादाखल सादर केले. विजय बिचारा हात वर धरून तसाच बसून राहिला. पोरीचा इतका अभिमान त्याला आजवर कधीच वाटला नव्हता.

श्रीनिधी सरांनी अहवाल पुन्हा एकदा वाचून काढला. मग म्हणाले, "अहवाल चुकला नाही. वरचं नाव तेवढं चुकलं." त्यांनी शनिवारची परीक्षा रद्द केली, देवश्रीचा फॉर्म पुढे ओढला, त्यावर 'कला' असं लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं. तिथेच ते थांबले. उठून त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची विजयच्या जवळ सरकवली.

त्यांची मुलगी अन्विता तिसरीत होती, याच शाळेत. सोमवारी तिला धरणाचा देखावा जमा करायचा होता. दरवाजे उघडले पाहिजेत आणि पाणी वाहिलं पाहिजे. त्यांनी स्वतः केलेलं धरण काल दोनदा फुटलं होतं, आणि घरातली चटई अजून वाळली नव्हती. विजय साहेबांना रविवारी थोडा वेळ मिळेल का, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

विजयचा चेहरा उजळला. दरवाज्यांना प्लाय लावावं की सागवान, याचा हिशेब त्याच्या डोक्यात सुरूही झाला होता. तो तोंड उघडणार, एवढ्यात देवश्रीने त्याच्या दंडावर हात ठेवला. सरांकडे बघून ती गोड हसली, आणि त्यांना न कळणाऱ्या मराठीत शांतपणे म्हणाली, "बाबा, इतक्यात हो म्हणू नकोस. आधी माझ्या फॉर्मवर सही होऊ दे."