ह्येका कोणी बोलावल्यान?

आमच्या मरोळच्या ऑफिसात संजय परब कॉम्प्युटरला पुठ्ठा लावून काम करायचा. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा, मधोमध पोस्टकार्डाएवढी खिडकी कापलेली, आणि तो चिकटपट्टीने स्क्रीनवर डकवलेला. त्या खिडकीतून कोडच्या सात-आठ ओळी दिसायच्या, बस.

"आणि बाकीचं?" मी एकदा विचारलं.

"बाकीचं फर्निचर आहे."

तसं त्याचं चुकत नव्हतं. आम्ही ज्यात प्रोग्रॅम लिहितो त्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे फाइलींची रांग, खाली चुकांची यादी, वर बटणं. त्यातली निम्मी कशाला आहेत हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसावं. एक अक्षर टाइप केलं की ते पुढचा शब्द सुचवतं. मध्येच कोपऱ्यातून एक चौकोन वर येतो आणि विचारतो, नवीन रंग पाहिलेत का? आम्ही निमूट 'नंतर' दाबतो. परब मात्र खुर्ची मागे ढकलून थेट मालवणीत शिरायचा, "ह्येका कोणी बोलावल्यान?"

'ह्याला कोणी बोलावलं' हा प्रश्न त्याने स्क्रीनपुरता ठेवला नाही. टेबलावर कोणी दिवाळीचं प्लॅस्टिकचं तोरण लावलं, ह्येका कोणी बोलावल्यान? मीटिंगमध्ये विनाकारण येऊन बसलेल्या एका साहेबालाही त्याने तेच विचारलं. साहेबांना मालवणी येत नव्हती म्हणून नोकरी वाचली. खालच्या उडप्याकडे तर तो मेन्यूकार्ड हातातही घ्यायचा नाही. "मला इडली हवीय. डोसे कशाला वाचायला लावता?"

एकदा परदेशी क्लायंट यायचे होते. आमची मॅनेजर शिल्पा म्हणाली, "परब, तो पुठ्ठा काढ ना, प्लीज. कसं दिसतं ते."

परबने पुठ्ठा काढला आणि पांढऱ्याशुभ्र कार्डशीटचा नवीन कापून लावला. क्लायंटना वाटलं ही आमची काही खास पद्धत आहे. त्यांनी फोटो काढले. शिल्पा दिवसभर परबशी बोलली नाही, आणि शांतता मिळाली म्हणून परब खूश.

मागच्या थंडीत माझ्या आईची अँजिओप्लास्टी झाली. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात होती. रविवारी भेटायच्या वेळेला दारात परब उभा. हातात शहाळं. हा माणूस कोणाकडे भेटायला गेल्याचं ऑफिसात कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आईच्या पलंगाशेजारी ते मशीन होतं. हिरवी रेघ, लाल-पिवळे आकडे, टिंव टिंव. आई सारखी मान वळवून तिकडे बघायची. आकडा चढला की घाबरायची, आणि घाबरली की आकडा आणखी चढायचा.

"ते बघ, वाढलं परत," ती मला म्हणाली.

मशीन मागे घ्यायला वायरी पुरत नव्हत्या, आणि त्याच्यावर टॉवेल टाकला तो सिस्टरने ओरडून काढायला लावला.

परबने हे थोडा वेळ पाहिलं. मग शहाळं माझ्या हातात देऊन तो पलंग आणि मशीन यांच्यामधल्या फटीत अंग चोरून शिरला. सिस्टरला तिच्या टेबलावरून आकडे दिसतील आणि आईला दिसणार नाहीत, अशा बेताने मशीनला पाठ करून उभा राहिला.

"काकी, गाव कुठलं तुमचं?"

"केळशी."

"मी कणकवलीकडचा. तुमच्याकडे फणस कापा की बरका?"

दिवसाला दहा वाक्यं न बोलणारा परब फणसावरून आठळ्यांवर आणि आठळ्यांवरून उकड्या तांदळाच्या पेजेवर गेला. आई आता त्याच्याकडे बघत होती.

"तुझी आई गावाला असते का रे?" तिने विचारलं.

"नाही. गेली ती. तिलाही असंच मशीन लावलं होतं. मी आपला पूर्ण वेळ आकडेच बघत बसलो, काकी. ती माझ्याशी काय बोलत होती, तेसुद्धा आठवत नाही."

आईने चादरीतून हात काढला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. "बरं, पेजेबरोबर काय खायचात ते सांग," ती म्हणाली.

तो सांगत राहिला. सुका बांगडा, कैरीचं लोणचं, असं काय काय. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. मी स्टूल पुढे सरकवलं. "बस जरा. कधीचा उभा आहेस."

"बसलो तर मशीन दिसेल त्यांना," तो हळूच म्हणाला.

"अरे, झोपलीय ती."

"उठतील ना."