दोन टीव्हींची आणि अप्पासाहेबांचे राहण्याची हकीकत

श्री. जिचे कृपेने पडद्यावर माणसे हालतात बोलतात आणि जिचे अवकृपेने ऐन शेवटचे षटकात अंधार पडतो, त्या विजेस प्रथम नमन, मग घरातील वडील मंडळींस, मग ऐकणारांस. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध पक्षी, नवरात्र बसले असता एका शहरी तिसरे मजल्यावर एक राज्य नांदत होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. मुलूख म्हणाल तर दोन खोल्या, दिवाणखाना, मुदपाकखाना आणि एक बाल्कनी, तीत तुळस व वॉशिंग मशीन ऐसी दोन ठाणी. येथे राजश्री अच्युतराव राज्य करीत, म्हणजे वीजबिल भरीत, आणि कारभार सारा त्यांच्या कुटुंब सुनेत्राबाईसाहेब पाहात. अच्युतराव मनुष्य सालस, परंतु जिवास घोर लावून घेण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. गॅस बंद केला की नाही हे पाहण्यास जिन्यावरून माघारी येत, आणि पाहोन खाली उतरले की आपण नीट पाहिले की नाही, ही शंका येई. ऐशा पुरुषावर जो प्रसंग गुदरला तो लिहितो.

सुनेत्राबाईंचे तीर्थरूप अप्पासाहेब माघ मासापासून या राज्यात येऊन राहिले होते. गावी एकटे असता न्हाणीत पाय घसरोन पडले, आणि शेजारच्यांस कळेतोवर थंड फरशीवर तैसेच पडोन राहिले. हाड मोडले नाही एवढे देवाने राखले. मग सुनेत्राबाई स्वतः गेल्या आणि वडिलांस गाडीत घालोन घेऊन आल्या. परंतु अप्पासाहेब जुने चालीचे. लेकीकडे चार दिवस पाहुणे म्हणोन यावे आणि पाचवे दिवशी पिशवी उचलोन निघावे. जावयाचे घरी तळ ठोकोन बसणे म्हणजे जन्माची पत गेली, ऐसे त्यांचे मानणे. सबब ते या राज्यात काही म्हणजे काही मागत नसत. चहा गोड हवा की कमी, तर "चालेल". पंखा लावू की नको, तर "चालेल". भाजी कारल्याची करू की भेंडीची, तर "मला काय, काहीही चालेल". या एका शब्दाने अच्युतरावांचे तोंडचे पाणी पळाले. चालेल म्हणजे हो म्हणावे, की नको म्हणावे, की तुम्ही उगाच माझ्यापायी धावपळ करू नका ऐसे समजावे? कचेरीत बसले असताही ते याचाच खल करीत, आणि सायंकाळी घरी येताना अप्पासाहेब गेले तर नसतील ना, म्हणोन दाराबाहेर त्यांच्या चपला आहेत की नाहीत हे आधी पाहात आणि मग घंटी वाजवीत.

अप्पासाहेबांचे बसणे दाराचे बाजूस, प्लास्टिकचे खुर्चीवर, भिंतीस टेकोन. दिवाणखान्यात सोफा होता, त्यावर तिघे सुखे मावत, आणि सुनेत्राबाईंनी वरचेवर म्हणावे, "अप्पा, इकडे या ना, सोफ्यावर बसा," आणि अप्पासाहेबांनी म्हणावे, "मला इथंच बरं गं. इथं वारा लागतो." अच्युतरावांनी ते अक्षरशः खरे मानिले आणि आपण सोफ्याचे मधोमध बसते जाहले. दिवसाचा वेळ अप्पासाहेबांस टीव्ही हीच सोबत. सामना असो, बातम्या असोत, कोणी काकू टीव्हीत वांगी भरीत असोत, ते सारखेच मन लावोन पाहात आणि पंचाने चुकीचा निकाल दिला तर हळूच "छे, छे" म्हणत, तेही जावयास ऐकू जाऊ नये ऐसे.

ऐसे चालले असता घटस्थापनेचे दुसरे दिवशी टीव्हीचे पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली, आणि मग दुसरी, आणि मग अवघा पडदा पोपटी होऊन टीव्ही गतप्राण जाहला. कारागिरास बोलाविले, त्याने मागील झाकण उघडले, आत पाहिले, झाकण लाविले आणि नवा घ्या म्हणोन सांगितले. अप्पासाहेब क्षणभर त्या मेल्या टीव्हीकडे पाहात राहिले आणि मग सहज बोलल्यासारखे बोलिले, "आता टीव्हीपण नाही. दसरा झाला की निघतो म्हणतो. घर बंद राहिलं की वाळवी लागते." हे ऐकताच सुनेत्राबाई मुदपाकखान्यात गेल्या आणि नळ मोठा सोडोन उभ्या राहिल्या. अच्युतराव मागोमाग गेले, तो बाईसाहेब डोळे पुसोन बोलिल्या, "अहो, टीव्ही आणा. पण अप्पा राहतील असा आणा. तिथे परत पडले तर कोण बघणार त्यांना?" आता टीव्ही आणावा हे ठीक, परंतु माणूस राहील ऐसा टीव्ही कोठल्या दुकानी मिळतो? अच्युतरावांची पाचावर धारण बसली.

मग त्यांनी मोबाइलवर शोध मांडिला. नाना देशीचे जाणते तेथे बसले होते, एक म्हणे हाच घ्या, दुसरा म्हणे हा घ्याल तर पस्तावाल, आणि जो तो म्हणे व्हिडिओ आवडला तर लाइक करा. तऱ्हतऱ्हेचे टीव्ही पाहोन अखेर दोन उरले. मोल दोहींचे मध्यमच, खजिन्यास झेपेल ऐसे, आणि आकारही सारखाच. ओळखण्यापुरती एकास कृष्णराज म्हणू आणि दुसऱ्यास समदर्शी. कृष्णराजाचा गुण हा की, काळा रंग तो अस्सल काळा दाखवी. परंतु समोर बसोन पाहाल तरच; बाजूने पाहिले तर रंग उडोन माणसे आजारी दिसत. समदर्शीस कोठूनही पाहा, चित्र तेच. परंतु दिवे मालविले की त्याचा काळा चुलीतील राखेसारखा करडा. आता सांगावयाचे हे की, अच्युतरावांस या जन्मी शौक असा एकच होता. घरची निजानीज जाहली की दिवे मालवोन, आवाज बारीक करोन, जुने कृष्णधवल सिनेमे पाहावे. त्यात काळोख काळा नसेल तर राहिले काय? सबब त्यांचे मन कृष्णराजावर बसले, आणि मन बसले म्हणोनच त्यांस धास्ती वाटो लागली. आपण आपले सुखासाठी घेतो आहो, ऐसे सासरेबुवांस वाटले तर? आणि ते तेवढ्यावर निघाले तर?

सबब अप्पासाहेबांस दुकानी घेऊन जावे आणि त्यांचेच मुखे निवड करवावी, ऐसी मसलत ठरली. अप्पासाहेब प्रथम "मी कशाला, तुम्ही आणाल ते चालेल" म्हणाले, आणि सुनेत्राबाईंनी डोळे मोठे केले, आणि मग ते टोपी घालोन निघाले. दुकान थोरले, आत यंत्राचा गारवा, आणि भिंतीवर शंभर टीव्ही एकदम चालू, सर्वांत एकच पोपट उडतो आहे. दुकानचे वकील, म्हणजे विक्रेते, पंकजराव सामोरे आले, त्यांस एका श्वासात फार बोलण्याची विद्या होती. त्यांनी कृष्णराज व समदर्शी शेजारी शेजारी लावोन दिले. अच्युतराव दोहींचे मधोमध उभे राहिले, एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले. मग नम्रपणे विचारिले, "अप्पा, तुम्हाला कुठला बरा वाटतो?" आणि उत्तर कोठून आले, तर पार भिंतीकडून आले, "कुठलाही चालेल."

अच्युतराव वळोन पाहातात तो अप्पासाहेब रांगेचे टोकास, भिंतीस खांदा लावोन, मान वाकडी करोन दोन्ही टीव्ही तिरपे पाहात उभे. पंकजराव म्हणाले, "आजोबा, इकडे समोर या, तिथून नीट दिसणार नाही." अप्पासाहेब म्हणाले, "असू द्या, मला इथंच बरं." तेव्हा अच्युतरावांचे चित्तात लख्ख उजेड पडला. दुकानात दार बंद, खिडकी नाही, पंखा नाही. येथे वारा कोठला? आणि येथे नाही तर घरी तरी वाऱ्यासाठी कोण बसत होते? माघापासून हा वडील माणूस आपले घरी कडेस बसोन, मान वाकडी करोन पाहतो आहे, कारण मधली जागा जावयाची. आणि आपण तीवर मांडी घालोन बसलो आणि वारा खरा मानिला! अच्युतरावांस मनस्वी लाज वाटली, कानशिले तापली. मग ते लगबगीने पंकजरावांस म्हणाले, "हा दुसरा द्या. बाजूने दिसतो तो." मनात कृष्णराजास त्यांनी शेवटचे पाहोन घेतले.

पंकजराव समदर्शीची पावती फाडणार, तो अप्पासाहेब भिंत सोडोन आले. आले ते थेट दोहींचे मध्ये येऊन उभे राहिले, कृष्णराजाकडे पाहिले, समदर्शीकडे पाहिले आणि कृष्णराजावर बोट ठेवोन बोलिले, "जावईबापू, तो नको. हा घ्या." अच्युतराव म्हणाले, "अहो अप्पा, पण हा बाजूने..." अप्पासाहेब म्हणाले, "तुम्ही दिवे मालवून जुने सिनेमे बघता, ते काय मला ठाऊक नाही? म्हातारपणी झोप कुठे असते. आतून आवाज ऐकत पडतो मी. ती गाणी आमच्या वेळची आहेत. तुम्हाला काळं करडं दिसलं तर कसली मजा?" अच्युतराव म्हणाले, "माझं जाऊ द्या हो. तुम्हाला खुर्चीवरून दिसणार नाही त्याचं काय?" यावर अप्पासाहेबांनी टोपी काढिली, हातात फिरविली, पुन्हा घातली. बोलणे ओठांशी येई आणि माघारी जाई, ऐसे दोन वेळा जाहले, आणि अच्युतरावांचा जीव टांगणीस लागला, की आता म्हणतात, मी तर दसऱ्याला निघालोच आहे. मग अप्पासाहेब पडद्यावरील पोपटाकडे पाहात, अगदी हळू आवाजात बोलिले, "मी मधे बसेन म्हणतो. तुम्ही जरा सरकाल का?"

या राज्यात आल्यापासून त्यांनी काही मागितले ते हे पहिलेच. अच्युतरावांनी दुकानातच, उभ्याउभ्या, एक पाऊल बाजूस सरकोन दाखविले. पंकजरावांस काही उमगले नाही. ते म्हणाले, "मग काका, फायनल कुठला?"

दसऱ्याचे दिवशी कृष्णराज भिंतीवर चढला, सुनेत्राबाईंनी कुंकू लाविले, आणि सामना सुरू जाहला. अप्पासाहेब सोफ्याचे मधोमध, एके बाजूस लेक, दुसरे बाजूस जावई, तेही सरकत सरकत पार कडेस, एक मांडी बाहेर. तेथून अच्युतरावांस खेळाडू सारे पांढरेफटक दिसत आणि मैदानाचे गवत वाळल्यासारखे दिसे. इतक्यात पंचाने चुकीचा निकाल दिला, आणि अप्पासाहेब एवढ्या मोठ्याने ओरडले की खालचे मजल्यावरील कुत्रे भुंकले. मग त्यांनी जावयाकडे वळोन विचारिले, "तुम्हाला दिसतंय ना नीट?" अच्युतराव म्हणाले, "एकदम झकास."

सारांश. टीव्ही एक आला, अप्पासाहेब दसऱ्यास निघाले नाहीत, आणि दिवाळीस निघण्याची गोष्ट अद्याप कोणी काढिली नाही. अच्युतरावांचा घोर समूळ गेला ऐसे लिहावे तर खोटे होईल. सायंकाळी दाराशी येऊन चपला पाहणे चालूच आहे. हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहिली. बहुत काय लिहिणे, ऐकणारांनी आपापले घरी कोण कडेस बसते ते एकदा पाहावे. इति.