सासूबाईंच्या कोर्टात

"जुन्या पैशाच्या मानेवर नव्या अटीची सुरी ठेवता येत नाही, न्यायमूर्ती महोदया!" गॅरेटने टेबलावर मूठ आपटली. मिठाची बरणी हादरली.

न्यायमूर्ती म्हणजे त्याच्या सासूबाई, ओपल. मांडीवर त्यांचा कुत्रा डीकन. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा सरकारी वकील गॅरेट उद्याच्या युक्तिवादाची तालीम करत होता. गरिबांच्या औषधोपचाराच्या अनुदानाला केंद्राने नवी अट लावली होती: माना, नाहीतर आजवरचं सगळं अनुदान बंद. केस हरली तर गावोगावच्या दवाखान्यांचे दिवे विझणार होते.

"सुरी कशी, ते नीट सांग," ओपल म्हणाल्या.

"अट आधी स्पष्ट सांगायला हवी. त्याच कामाशी जोडलेली हवी. आणि नाही म्हणायची सोय हवी. नाहीतर ती अट कसली? दरोडा!"

"वा, जावईबापू! मग सकाळी काय म्हणालास? डीकन सोफ्यावर चढला तर माझी तळघरातली खोली गेली! मी राहायला आले तेव्हा सांगितलं होतंस?"

"आई, ते वेगळं..."

"सोफ्याचा नि खोलीचा संबंध काय?"

"अहो, अस्सल चामड्याचा आहे तो!"

"आणि या थंडीत नाही म्हणून मी जाऊ कुठं? मक्याच्या शेतात?"

गॅरेटची बायको मार्लिस तोंडावर फडकं धरून हसत होती. गॅरेट कात्रीत सापडला: सासूबाईंचं मानावं तर सोफा जातो, न मानावं तर केस.

"मग देणाऱ्यानं अट घालायचीच नाही का रे?" ओपलनी विचारलं.

"घालावी की!" गॅरेट वैतागून ओरडला. "नव्या देण्यावर खुशाल घालावी! जुन्याला हात लावू नये!"

"निकाल लागला. माझी खोली जुनी," ओपल म्हणाल्या. डीकन उडी मारून सोफ्यावर जाऊन लवंडला.

दुसऱ्या दिवशी खऱ्या न्यायमूर्तींनी नेमकं तेच विचारलं. गॅरेटने नेमकं तेच, तितकंच वैतागून सांगितलं. अटीला स्थगिती मिळाली.

प्लॅट नदीवरून बोचरा वारा सुटला होता. गॅरेट घरात शिरला तेव्हा दालचिनीच्या रोलचा वास दरवळत होता. त्याने हात पुढे केला. ओपलनी ताट मागे ओढलं.

"हे आत्ताचे आहेत. नवे. आधी डीकनला फिरवून आण."

"आई!"

"आधी सांगितलंय, स्पष्ट सांगितलंय. नाही म्हणायची सोयही आहे हं. फ्रीजमध्ये कालचं चिलीचं कालवण आहे, ते बिनशर्त."

गॅरेटने मुकाट्याने पट्टा उचलला. डीकन मात्र सोफ्यावरून उठायला तयार नव्हता.