उरलेला लेप

बादलीच्या तळाशी थोडा लेप उरला होता. तो वाया घालवायचा नाही, एवढंच मी ठरवलं. पुढचं सगळं त्याचं तेच घडत गेलं.

आमच्या वस्तीत सगळी पत्र्याची घरं, ट्रकमागून ओढत आणलेली आणि मग तिथेच रुतलेली. बर्फ वितळला की जो तो शिडी लावून छपराला पांढरा लेप फासतो. ओला असताना साईसारखा, वाळला की रबर. हे काम माझ्या नवऱ्याचं, अर्विडचं. तो मार्चमध्ये गेला, म्हणून यंदा मीच चढले. (शेजारी खिडकीतून बघत होते. पडले असते तर धावून आले असते, पण आधी नीट बघून घेतलं असतं.)

घर झालं, लेप उरला, आणि अंगणात कॅम्पर उभा होता. कोणाचा तरी वापरलेला घेतलेला, सुट्टीत गाडीमागे ओढून न्यायचा आणि आत झोपायचा, चाकांवरचा ठेंगणा डबा. पुढचा दांडा फिरवला की तार ओढली जाते, चार कोपऱ्यांतले खांब वर येतात आणि डब्याचं झाकण उचललं जातं. तेच छप्पर. त्याखाली कापडाच्या भिंती. दर उन्हाळ्यात तो घेऊन आम्ही तळ्यावर जायचो, अर्विडची बहीण आइलीही यायची, आणि पहिल्या उन्हाळ्यापासून ते छप्पर गळायचं. अर्विड बिचारा रोज जेवण झालं की म्हणायचा, "हिल्मा, जरा छप्पर बघून येतो," आणि डासांत, पावसात कितीतरी वेळ बाहेर राहायचा. तरी गळायचंच. त्याला निरोप देताना चर्चमध्ये मी उभी राहून म्हणाले, "छपराची एवढी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही." आइली रुमालात तोंड खुपसून गदगदत होती.

आता ती काळजी मी घ्यायची होती. झाकण बंदच होतं. वरून लेप दिला, कडेच्या फटीत तर चेपून चेपून भरला. मागच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर पत्र्याची एक झडप होती, तेवढी सोडली. तिच्यामागे गॅस आहे, हात लावलास तर उडशील, असं अर्विडने सांगून ठेवलं होतं.

आणि हो, अर्विड आतच होता. म्हणजे त्याची राख. त्याच्या मासेमारीच्या हिरव्या पेटीत घालून मी त्याला लेप देण्याआधीच आतल्या बाकाखाली ठेवलं होतं. निघायच्या घाईत तो घरी राहायला नको. (माझं डोकं हल्ली असं चालतं.)

जूनमध्ये राख सोडायला तळ्यावर गेलो ते पावसातच. मी, मुलगा डेल आणि आइली. ऐंशी उलटलेली बाई डुलुथहून बसने आली होती. "हिल्मा, उद्या सकाळची परतीची बस आहे. पुन्हा एवढं येणं माझ्याच्याने व्हायचं नाही," ती म्हणाली आणि गाडीतच पेंगली. म्हणजे अर्विड आजच पाण्यात जायला हवा होता.

डेलने दांडा धरला. दांडा हलेना.

"आई, छपराला काय केलंस?"

"लेप दिला. सगळेच देतात."

"घराला देतात! घराचं छप्पर रोज वर-खाली करतो का आपण?"

"मग गळू द्यायचं होतं?"

"बाबा आत आहेत ना?"

"आहेत. कोरडे आहेत."

त्याने पावाच्या सुरीने फट कापायला घेतली. लेप चामड्यासारखा. एक बाजू सुटल्यासारखी वाटली, त्याने दांड्यावर सगळं वजन टाकलं. आत टण्ण झालं. तार तुटली. झाकण तसूभरही हललं नाही.

मी ओल्या गवतात बसले. इतकी वर्षं त्याने सांभाळलं, आणि मला त्याला साधं पाण्यापर्यंत नेता येईना. डेलने सुरी पुसून ठेवली. तळं राखाडी, आभाळ राखाडी.

गाडीचं दार वाजलं. आइली छत्री घेऊन आली. "काय चाललंय?"

"अर्विड अडकलाय," मी म्हणाले.

ती मागे गेली, वाकली आणि त्या पत्र्याच्या झडपेला हात घातला.

"आइली! गॅस आहे तिथे!"

"गॅस कुठला?" तिने झडप उघडली, ती थेट बाकाखालीच उघडत होती, आणि आत हात घालून हिरवी पेटी काढली. मग पुन्हा पार खांद्यापर्यंत हात घातला आणि कोपऱ्यातून बिअरच्या दोन बाटल्या काढल्या. "शेवटच्या. मला वाटलंच, ठेवल्या असतील. रोज जेवणानंतर इथे प्यायला यायचा, मला म्हणायचा, 'ये, छप्पर बघू.'"

"म्हणजे तो छप्पर..."

"आयुष्यात एकदाही बघितलं नाही. चर्चमध्ये तू ते बोललीस ना, मला हसू आवरेना."

अर्विडला आम्ही पाण्यात सोडलं. माझ्यासाठी एकही बाटली नव्हती. एक आइलीने उघडली, एक डेलने. मी रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसले.

डेलने वाकून झडपेतून आत बघितलं. "आई, पहिल्यांदाच गळत नाहीये बघ. एक थेंब नाही आत."

नव्हताच. आम्ही तिघं बाहेर पावसात होतो.