दळणाआधी जोडी

मी कळंबच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, पण दळणाचा डबा घेऊन बबनभाऊंच्या गिरणीत जायचं म्हटलं की मी आजचं उद्यावर ढकलायचो. भाऊ चौथी शिकलेले, भुवयांपासून मिशांपर्यंत पिठानं पांढरे. खिशातली डिक्शनरी उघडली की तिच्यातूनही पीठ उडायचं. गिरणीच्या दारावर रोज खडूनं इंग्रजी शब्दांची एक जोडी लिहिलेली असे. ऐकायला सारखे, अर्थानं निराळे.

"आधी जोडी, मग दळण!" हा त्यांचा कायदा.

धुरपदाआक्कालाही सूट नाही. "आक्के, डेझर्ट आन् डिझर्टमधी फरक काय?"

"तुझं डोस्कं! माझी बाजरी टाक आधी."

मला विचारलं तेव्हा मी घाईत उलटंच सांगून बसलो: डेझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड आणि डिझर्ट म्हणजे वाळवंट. झालं! भाऊंनी गिरणी बंद करून अख्ख्या रांगेला ऐकवलं, "मास्तर जेवल्यावर पोरांना वाळवंट वाढत्यात राव!" आठवडाभर बायका मला पाहून तोंडाला पदर लावत होत्या. असा संताप आला की पुढचं दळण मी थेट मंचरच्या गिरणीत नेलं.

एका रविवारी बहिणीला फोन लावायला एसटीडी बूथवर गेलो, तर आत भाऊ. पीठ झटकलेलं, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांचा मुलगा इंग्लंडला, दर रविवारी त्याचा फोन इथंच यायचा.

"नात आधी 'हॅलो आजोबा, बाय आजोबा' म्हणून पळायची," बूथवाला म्हणाला. "मराठी इसरत चालली व्हती. आता बघा, फोन सोडतीय का!"

बूथचं दार नीट लागत नव्हतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. कालच शाळेत जाता-येता पाहिलं होतं, गिरणीच्या दारावर अ‍ॅडॉप्ट आणि अ‍ॅडॅप्ट होतं. दत्तक घेणं आणि नव्या जागी रुळणं, हे भाऊंनी येईल त्याला दिवसभर घोकवलं होतं.

"आगं बाय, मला आडान्याला कुठलं येतंय? तूच सांग की... इंग्लिशमधी नगं, मराठीत सांग... हां... नव्या शाळंत करमाया लागलं, म्हंजी अ‍ॅडॅप्ट? आसं व्हय! लई हुशार माझी बाय!" मग हळूच, "आन् तुला करमतंय का गं तितं?"

बाहेर आले तेव्हा मी समोरच. भाऊ ओशाळले. डोळे पुसत जवळ आले.

"मास्तर, तेवढं कुणाला बोलू नका." मग खिशातली डिक्शनरी चाचपत म्हणाले, "आजून लई जोड्या हायेत का वो इंग्रजीत? ह्यातल्या संपत आल्या."

माझा सगळा राग तिथंच विरघळला.

"पुष्कळ आहेत, भाऊ," मी म्हणालो. "उद्या दळण घेऊन येतो, तेव्हा आणतो."