क्रोशाखालची मोटरसायकल

टण्ण! पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडलं, आणि घरात कोणी नसल्याचं सोंग तिथंच फसलं.

"आहे का कोणी?" बाहेरून आवाज आला.

नासिमियूने फटीतून पाहिलं. काळा चष्मा, जाड बूट. वसुलीचा माणूस आपण नुसत्या बुटांवरून ओळखतो, असं ती बुंगोमाच्या अख्ख्या बाजाराला सांगत असे.

"घरची माणसं गावाला गेलीत," ती आवाज बदलून म्हणाली. "मी कामवाली."

"मोटरसायकल बघायची होती."

झालं, खात्रीच पटली. हप्ते थकलेली मोटरसायकल आत बैठकीतच होती. सोफ्यांसारखंच पांढरं क्रोशाचं कापड अंगावर घेऊन, पाहुण्यासारखी बसलेली.

"ती कधीच विकली," नासिमियू म्हणाली. बूट निघून गेले.

थोड्या वेळाने नवऱ्याचा, माकोखाचा फोन. "गिऱ्हाईक आलं का? पुढचे हप्ते तो भरणार, शिवाय आपण भरलेले थोडे परतही देणार."

"काळा चष्मा?"

"डोळे आलेत बिचाऱ्याचे."

नासिमियूने त्याला कसं परत पाठवलं ते सांगून टाकलं.

"समजूत घालून परत पाठवतो त्याला," माकोखा म्हणाला. "आता दारात येईल त्याला आत घे, बाई. त्याआधी कंपनीवाले आले तर गाडीही गेली आणि पैसेही."

म्हणून पुढच्या टकटकीला तिने दार सताड उघडलं. बायबल घेतलेली एक गोड म्हातारी, मागे खाली मान घातलेला भाचा. तरी नासिमियूने पाय पाहिलेच. दोघांच्या साध्या रबरी चपला.

"नव्या चर्चची आम्ही माणसं, मुली. चहा नको हं. बरं, अर्धा कप."

अर्ध्याचे तीन झाले. मग म्हातारी उठली. "निघण्याआधी प्रार्थना करू. डोळे मिटा."

नाही कोण म्हणणार? म्हातारीने घरासाठी मागितलं, गायीसाठी मागितलं, शेजाऱ्याच्या गायीसाठीही मागितलं. आवाज चढत चढत पत्र्याला लागला. छोट्या नाफुलाने आईचा झगा ओढला. नासिमियूने डोळे न उघडता चिमटा काढला. पुन्हा झगा, पुन्हा चिमटा.

"आणि देवा, या घरावरचा भार हलका कर."

"आमेन," नासिमियू अगदी मनापासून म्हणाली.

डोळे उघडले तर भाचा नाही, मोटरसायकल नाही. क्रोशाचं कापड तेवढं नीट घडी करून ठेवलेलं.

"राग मानू नकोस, मुली," म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली. "कंपनीचं काम आहे. चहा मात्र झकास होता."

नासिमियूने लेकीला जवळ ओढलं, तिचा लाल झालेला दंड चोळला.

"आई," नाफुलाने विचारलं, "तो गाडी नेत होता, तेव्हा तू आमेन का म्हणालीस?"